जुनी तबकडी पॉडकास्टमध्ये वाजवण्याआधी

नाट्यगीतांवर पॉडकास्ट करायचाय, माळ्यावर आजोबांच्या 78 आरपीएमच्या तबकड्या पडल्यात, मग टाका की बिनधास्त, जुनं तर आहे, असं सगळेच म्हणतात. थांबा जरा. आधी प्रत्येक तबकडीसाठी वहीत एक पान काढा, लेबलवरचा नंबर, गायक, नाटक, कंपनी सगळं उतरवा आणि दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा. साल बहुतेकदा लेबलवर नसतंच, ते कंपनीच्या जुन्या कॅटलॉगात नंबरवरून हुडकावं लागतं (यात अख्खा रविवार जातो, सांगून ठेवतो), आणि आपल्याला हवं ते तबकडी बाजारात आल्याचं साल, गाणं मुद्रित झाल्याचं नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं मोजतात, म्हणजे 1964 ला आलेली तबकडी 2024 संपताना मोकळी झाली.

पण मोकळं झालं ते मुद्रण, गाणं नाही! शब्द आणि चाल यांचा हिशोब वेगळा, कवी किंवा संगीतकार गेल्यानंतर 60 वर्षं, म्हणून त्याच पानावर कोण कधी गेलं तेही लिहा. ‘स्वयंवर’ नाटकातलं पद असेल तर चिंता नाही, शब्द लिहिणारे खाडिलकर 1948 ला गेले, चाल देणारे भास्करबुवा बखले 1922 ला. पण 1950 च्या दशकातलं गदिमा-बाबूजींचं (माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल) भावगीत घेतलंत तर तबकडी मोकळी असूनही गदिमा गेले 1977 ला आणि बाबूजी 2002 ला, म्हणजे शब्द 2037 संपेपर्यंत आणि चाल 2062 संपेपर्यंत हक्कातच. बहुतेक जण इथेच अडकतात. अशा गाण्याची परवानगी लेखीच घ्या, हक्क कुणाकडे आहेत याची चौकशी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेपासून सुरू करता येते, फोनवरचं ‘हो हो टाका’ काही कामाचं नाही.

आवाज स्वतःच्या तबकडीवरूनच घ्या, कंपनीने साफसूफ करून काढलेल्या सीडीवरून किंवा दुसऱ्याच्या अपलोडवरून नको, उगाच नवा वाद कशाला. थंबनेलवर तो ग्रामोफोनसमोर बसलेला कुत्राही नको, तो ट्रेडमार्क आहे. गायकाचं नाव मात्र ठळक द्या, साथीदारांची कळली तर तीही.

परदेशातल्या मंडळींनाही ऐकवायचं असेल तर तिथले नियम वेगळे बघा, अमेरिकेत 1923 ते 1946 मधल्या रेकॉर्डिंगना 100 वर्षं धरतात. आणि सगळं मोकळं असूनही यूट्यूबवर ऑटोमॅटिक कॉपीराइट क्लेम येऊ शकतो, तेव्हा वहीतलं ते पान आणि लेबलचा फोटो हाताशी ठेवून डिस्प्यूट टाका.