आवर्तसारणी रंगवा, पण पेन्सिलीने

आवर्तसारणीचा मोठा छापील कागद घ्या, पाच-सहा रंगीत पेन्सिली आणि खोडरबर. स्केचपेन नको. प्रत्येक मूलद्रव्य विश्वात कुठे तयार झालं, त्यानुसार त्याला रंग द्यायचा, आणि काहींचे उगम एकाहून जास्त, म्हणून एकाच चौकटीत दोन-दोन रंग भरायचे आहेत.

हायड्रोजन आणि हेलियमला पहिला रंग. महास्फोटानंतरच्या, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीच्या, काही मिनिटांतला हा माल, वजनाने साधारण 75 आणि 25 टक्के. लिथियमलाही त्याची एक बारीक रेघ द्या. बेरिलियम, बोरॉनला वेगळा रंग, कारण ते ताऱ्यांत टिकत नाहीत. वैश्विक किरणांच्या, म्हणजे अवकाशात भन्नाट वेगाने धावणाऱ्या कणांच्या, माऱ्याने कार्बन-ऑक्सिजनची अणुकेंद्रं फुटतात, त्याचे हे तुकडे.

कार्बनपाशी मी नेहमी रेंगाळते. दोन हेलियम जुळून झालेलं बेरिलियम-8 क्षणात मोडतं. तेवढ्यात तिसरं हेलियम येऊन चिकटायला हवं. त्यासाठी दहा कोटी अंश तापमान लागतं, आणि तरीही विश्वात एवढा कार्बन कसा, याचा हिशोब जुळत नव्हता. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी 1953 साली सांगितलं, की कार्बनच्या अणुकेंद्राला हे जुळणं सोपं करणारी एक ठरावीक ऊर्जापातळी असलीच पाहिजे. प्रयोगशाळेत शोधली, तर ती खरंच सापडली! ही चौकट निम्मी छोट्या, निम्मी मोठ्या ताऱ्यांच्या रंगाने भरा.

ऑक्सिजन ते सिलिकॉन बहुतेक मोठ्या ताऱ्यांचं. लोखंडात फुटलेल्या श्वेत बटूंचाही, म्हणजे छोट्या ताऱ्यांच्या मागे उरलेल्या गाभ्यांचाही, रंग मिसळा.

आता जपून. लोखंडापुढचं सगळं अतिनवताऱ्याच्या, म्हणजे मरणाऱ्या मोठ्या ताऱ्याच्या, स्फोटातलं, असं समजून मी पहिल्या कागदावर खालचा पट्टा सरसकट लाल केला होता. तो कागद बाद झाला. तुम्ही आधी टेक्नेशियमवर, म्हणजे 43व्या चौकटीवर बोट ठेवा. त्याचा सर्वांत टिकाऊ प्रकारही काही दशलक्ष वर्षांत निम्मा विरतो. तरी 1952 मध्ये खगोलशास्त्रज्ञ पॉल मेरिल यांना काही तांबड्या राक्षसी, म्हणजे उतारवयात फुगलेल्या, ताऱ्यांच्या प्रकाशात त्याची ओळख पटवणाऱ्या रेषा दिसल्या. ताऱ्याचं वय त्याहून कितीतरी जास्त, म्हणजे ते तिथे ताजं शिजत होतं, अणुकेंद्रं एकेक न्यूट्रॉन सावकाश गिळत असताना. या सावकाश शिजण्याला वेगळा रंग द्या. बेरियम आणि बरंचसं शिसं याच रंगाचं.

सोनं, प्लॅटिनम, युरेनियमला न्यूट्रॉन ताऱ्यांच्या, म्हणजे स्फोटानंतर मागे उरलेल्या अतिघन गाभ्यांच्या, टकरीचा रंग. अशी टक्कर 17 ऑगस्ट 2017 रोजी गुरुत्वीय लहरींत, म्हणजे अवकाशालाच बसणाऱ्या हेलकाव्यांत, आणि दुर्बिणींतही टिपली गेली. मात्र इथे पेन्सिल हलकीच चालवा. यातलं किती टकरींतून आलं आणि किती ताऱ्यांच्या दुर्मिळ प्रकारच्या स्फोटांतून, यावर अजून वाद चालू आहे.