साहेब चाललेत आणि तुम्हालाही बोलावतायत? आधी एवढं बघा

चाकणच्या पट्ट्यात एप्रिलची इन्क्रिमेंट लेटरं वाटली की राजीनाम्यांचा मोसम सुरू होतो. मी इथे गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी सांभाळते, त्यामुळे टपरीवरचं हे वाक्य पाठ झालंय: "मी तिकडे जॉइन होतोय, तुझ्यासाठीही शब्द टाकलाय."

शब्द टाकलाय, पण कुणाकडे? पहिला प्रश्न हाच विचारा, आणि न लाजता. पोस्ट मंजूर आहे का, तिथल्या एचआरचा फोन कधी येणार, ऑफर लेटरवर सही कुणाची? साहेब स्वतः तिथे नवखे, बहुतेक सहा महिने प्रोबेशनवर. स्वतःची खुर्ची पक्की नसलेला माणूस तुमच्या खुर्चीची हमी कशी देणार? म्हणून माझं मत सरळ आहे: त्यांना पुढे जाऊ द्या, कन्फर्म होऊ द्या, मग बघा. तुमची खरंच गरज असेल तर ते तेव्हाही बोलावतील. घाई करत असतील तर ती कुणाच्या सोयीची, ते ओळखा.

आमच्या प्रेस शॉपचा एक सुपरवायझर प्लांट हेडमागोमाग गेला. वर्षाच्या आत हेडची बदली गुजरातमध्ये साणंदला झाली आणि हा त्या नव्या कंपनीतच राहिला, कपाळावर 'त्यांचा माणूस' असा शिक्का घेऊन. नव्या हेडने त्याला कायमचं रात्रपाळीत टाकलं.

साहेब मागे जाण्याच्या लायकीचे आहेत का, हे पार्टीत कळत नाही. कस्टमरकडून अख्खा लॉट रिजेक्ट होऊन आला, त्या दिवशीची मीटिंग आठवा. "माझ्या टीमकडून झालं, मी बघतो" म्हणाले, की प्रोजेक्टरवर तुमचं नाव झळकवलं? पहिल्या जातीचे साहेब फार नसतात. मिळाले असतील तर दहा टक्के कमी पगारातही विचार करावा, असं मला वाटतं.

राहिली कंपनीवरची निष्ठा. नेमणूकपत्र काढून नोटीस पिरियडचं कलम वाचा. बहुतेक पत्रांत मुदत दोन्ही बाजूंना सारखीच असते. कंपनी व्यवहार बघते, तुम्हीही बघा.

व्यवहारात आधी ग्रॅच्युइटी. कायम कामगाराला ती सलग 5 वर्षं झाल्यावर मिळते. बेसिक आणि डीए मिळून 40,000 असतील तर 40,000 गुणिले 15, भागिले 26, गुणिले 5, म्हणजे जवळपास 1 लाख 15 हजार. साडेचार वर्षं झाली असतील तर साहेबांसाठी एवढे पैसे सोडायचे का, हे घरी बसून ठरवा. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर, म्हणजे नोकरी बदलली तरी न बदलणाऱ्या पीएफ नंबरवर, ट्रान्सफर करा. 5 वर्षांच्या आत काढला तर कर लागतो.

मग बाँड. नोकरी सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जायचं नाही, ही अट 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 पुढे सहसा टिकत नाही. पण मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायचे, ही अट टिकू शकते. विजया बँकेच्या प्रकरणात 3 वर्षांआधी सोडल्यास 2 लाख भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये योग्य ठरवली. ट्रेनिंगला पाठवताना कशावर सही केलीत, ते शोधून काढा.

थांबायचं ठरलं तर साहेबांना स्पष्ट सांगा, झुलवत ठेवू नका. इथेही शिक्का बसतोच, बरं का. नवे साहेब आले की पहिल्याच आठवड्यात अडकलेल्या कामांची यादी घेऊन त्यांच्या केबिनमध्ये जा, आणि "आधीचे साहेब असं करायचे" हे वाक्य तोंडातून काढू नका.

जायचं ठरलं तर ऑफर लेटर मेलवर आल्याशिवाय राजीनामा टाकायचा नाही, साहेबांनी शपथा घातल्या तरी. ड्रॉइंग, कस्टमरचे रेट, कंट्रोल प्लॅन (कुठला पार्ट कसा तपासायचा, त्याचा कागद) यांतलं काहीही स्वतःच्या मेलवर पाठवू नका. आयटीवाले पहिल्यांदा तेच तपासतात. आणि साहेब म्हणाले, "टूलरूममधल्या त्या दोघांनाही विचारून बघ," तर सांगा, तुम्हीच फोन करा. इथली माणसं तिकडे ओढल्याचा आळ तुमच्यावर आला की फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशेब, आणि रिलीव्हिंग लेटर दोन्ही लटकतात, आणि ती सोडवायला साहेब परत येत नाहीत.