रंकाळ्याच्या फेऱ्यांनी मांडी भरत नाही: उतारवयात स्नायू कसे टिकवावेत

पहाटे कोल्हापूरच्या रंकाळा तलावाला फेरी मारणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, मीही मारतो. पण फेरी संपवून कट्ट्यावर टेकलेला माणूस उठताना दोन्ही हात गुडघ्यांवर रेटून ‘आई गं’ म्हणतो, तेव्हा फेरी कशाला पुरली आणि कशाला नाही ते तिथंच कळतं. चालण्यानं दम वाढतो, साखर आटोक्यात राहते. मांडी भरत नाही. आईला, सासूबाईंना आणि गल्लीतल्या निम्म्या काका-मावश्यांना हे मी इतक्यांदा ऐकवलंय, की आता मला बघितल्यावर तेच आधी म्हणतात.

तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू झिजतात आणि साठीनंतर वेग वाढतो. ताकद त्याहून झपाट्यानं उतरते. झटक्यात काम करणारे तंतू आधी जातात, म्हणून ठेच लागली की तरणा माणूस सावरतो आणि म्हातारा आडवा होतो. वयानं होणाऱ्या या झिजेला सार्कोपेनिया म्हणतात. १९८९ मध्ये अमेरिकी संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी ते नाव सुचवलं. वजनकाट्यावर विसंबू नका, कारण स्नायू गेले आणि तिथं चरबी साठली तर काटा जागचा हलत नाही. तालीम सुटलेला पैलवान कसा उतरतो हे कोल्हापूरला वेगळं सांगायला नको. खुराक चालू, मेहनत बंद. आपण तर तालमीत न जाताच तिथं पोचतो.

आधी स्वतःला तपासा. भिंतीला टेकवलेली खुर्ची, हात छातीवर घडी घालून, सलग पाच वेळा पूर्ण उठायचं आणि बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पाय कमजोर झालेत. आशियातल्या तज्ज्ञांच्या गटानं २०१९ मध्ये हाच आकडा धरलाय. वजन आपोआप उतरत असेल तर मात्र व्यायामाच्या नादाला न लागता आधी डॉक्टर गाठा.

खाण्याचं थोडक्यात. उतारवयात वजनाच्या किलोमागं रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका. आणि हे एकदम रात्री नको, तिन्ही वेळा वाटून. म्हातारा स्नायू थोडक्या प्रथिनांना दाद देत नाही, एका बैठकीला २५ ग्रॅमच्या आसपास लागतात. अंड्यात ६, वाटीभर शिजलेल्या डाळीत ६-७, मूठभर शेंगदाण्यात ७, पेलाभर म्हशीच्या दुधात ७-८. आपल्याकडची खोड अशी की पांढरा रस्सा वाटीवर वाटी ओढायचा आणि फोडी पोरांच्या ताटात सारायच्या. प्रथिनं फोडीत असतात हो! रस्सा पोरांना द्या. पावडरीचे डबे आणायला माझी हरकत नाही, पण मेहनतीशिवाय ते नुसतं महागडं दूध आहे.

आता मी जिथं सपशेल आपटलो ते. व्यायामातलं वजन वाढवणं.

न्यूमोनियानं आई दहा दिवस दवाखान्यात पडून होती. घरी आली तेव्हा कमोडवरून उठवायला दोघं लागायचे. मी खुर्चीवरून उठ-बस सुरू केली. ‘आरं, ह्या वयात मला बैठका मारायला लावतोस व्हय?’ म्हणत का होईना, महिन्यात ती तीनवरून दहावर आली. मी खूश. मग आकडा वाढवत गेलो: वीस, तीस, चाळीस. चार महिन्यांनी ती चाळीस उठ-बशा काढायची, पण जिना मात्र कठडा धरूनच. जमिनीवरून उठायचं तर नावच नको. ज्याला चाळीस सहज जमतात त्याला ते काम जड राहिलेलंच नसतं. त्यानं दमसास वाढतो, बळ नाही. हे उमगल्यावर मी दुसरं टोक गाठलं आणि एका सकाळी एकदम पाच किलोची पिशवी तिच्या छातीशी दिली. गुडघा टम्म सुजला, तीन आठवडे सगळं बंद. ती चूक माझी, तिच्या गुडघ्याची नव्हे.

तेव्हापासून मी असं करतो. हात न लावता उठता येत नसेल तर खुर्चीवर वाकळ घडी करून ठेवा. बैठक उंच झाली की काम हलकं होतं. जमायला लागलं की एक घडी कमी, मग आणखी एक, मग नुसती खुर्ची. पाय गुडघ्यांच्या किंचित मागं, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढं झुकून उठायचं. बसताना धपकन पडायचं नाही. मनात तीन मोजत खाली. खरी मेहनत त्या उतरण्यात आहे आणि लोक नेमकी तिथंच सूट घेतात. श्वास कोंडू नका, रक्तदाब चढतो.

आठ ते बारा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवस सोडून. थांबलात तेव्हा ‘अजून फार तर दोन जमल्या असत्या’ असं वाटलं पाहिजे. दहा जमल्या असत्या असं वाटलं तर वजन कमी पडतंय; पाय लटपटले तर जास्त होतंय. तिन्ही फेऱ्यांत बारा, तेही व्यायामाच्या लागोपाठ दोन खेपांना आरामात जमले, की एक किलो वाढवा. एकच. त्या आठवड्यात आकडा, उंची, बाकी काहीही बदलायचं नाही. आम्ही नातवाची जुनी सॅक छातीशी अडकवतो आणि आत किलोकिलोचे गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, टाकतो. (प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. पहिल्या आठवड्यात आईच्या पदरावर मुंग्यांची रांग होती.) सहाव्या रव्याला तिनं जिन्याचा कठडा सोडला.

दुसऱ्या दिवशी मांड्या ठणकल्या तर घाबरू नका, दोन दिवसांत जातं. सांध्यात टोचलं किंवा सूज आली तर थांबा आणि एक रवा मागं या.

‘आता या वयात काय’ म्हणणाऱ्यांसाठी: १९९० मध्ये अमेरिकेत वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या माणसांकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करून घेतला, तर त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

वरच्या अंगासाठी ओट्यावर हात टेकून जोर, पोटऱ्यांसाठी ओटा धरून टाचा उचलणं, पाठीसाठी तीच सॅक जमिनीवरून उचलणं. नियम सगळ्यांना तोच.

ताप, लग्नसराई, काहीही असो, दहा दिवसांहून जास्त खंड पडला तर आधीच्या वजनावर लगेच जाऊ नका. निम्मे रवे काढा आणि दर खेपेला एकेक परत टाका.