पद्मिनीला डिस्कच्या आधी दुसरी लाइन द्या

आमची प्रीमियर पद्मिनी 1979 ची, अण्णांनी घेतलेली. एका पावसाळ्यात कुंभार्ली घाटातून चिपळूणकडे उतरत होतो आणि ब्रेकचं पेडल एकदम तळाला गेलं. मागच्या सीटवर आई होती. दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक ओढत राहिलो, शेवटी डोंगराकडच्या गटारात चाक घातलं तेव्हा गाडी थांबली. मागच्या अ‍ॅक्सलवरचा पाइप गंजून फुटला होता. एक पाइप गेला आणि चारही चाकांचे ब्रेक गेले, कारण या गाडीत चारही चाकांच्या ड्रम ब्रेकना मिळून ब्रेक ऑइलची एकच लाइन आहे.

म्हणून कोणी ड्रमऐवजी डिस्क ब्रेक (चाकाबरोबर फिरणारी तबकडी पकडणारे) बसवायचे म्हणालं की मी आधी दुसऱ्या लाइनचं विचारतो.

त्यासाठी टँडम मास्टर सिलिंडर लागतो. मास्टर सिलिंडर म्हणजे पेडल दाबलं की ऑइल लाइनमध्ये ढकलणारा. त्यात एकामागे एक दोन पिस्टन असतात. पुढच्या चाकांची लाइन वेगळी, मागच्यांची वेगळी. एक फुटली तर पेडल बरंच खाली जातं, पण उरलेल्या दोन चाकांवर गाडी थांबते. जुन्या सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, व्हर्नियरने मोजा आणि नवा तेवढ्याच बोअरचा शोधा. मोठा घेतलात तर पेडल दगडासारखं लागेल, लहान घेतलात तर फार खाली जाईल. आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही: ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा चेक व्हॉल्व्ह लागतो. पुढे डिस्क असलेल्या गाडीचा सिलिंडर उचललात तर पुढच्या लाइनला तो नसेल, आणि दोनदा पेडल मारल्याशिवाय ब्रेक धरणार नाही. तो वेगळा घेऊन लाइनमध्ये बसवा.

सिलिंडरचे बोल्ट जुन्या भोकांना जुळत नाहीत. मी टर्नरकडून लोखंडी पट्टीचा अडॅप्टर करून घेतला. बसवल्यावर पुशरॉड (पेडलकडून येऊन पिस्टनला ढकलणारा दांडा) आणि पिस्टन यांत साधारण एक मिलिमीटर मोकळीक ठेवा. ती नसेल तर ऑइल परत डब्यात येत नाही, ब्रेक चिकटून राहतात आणि ड्रम तापतात.

पाइप सगळे नवे टाका, स्टीलचे, डबल फ्लेअर केलेले (टोक दुहेरी दुमडून पसरवलेले). वाकवायला सोपा म्हणून साधा तांब्याचा पाइप कोणी सुचवेल. घेऊ नका, हादऱ्यांनी तो कडक होऊन तडकतो. नट हाताने तीन-चार आटे सहज गेला पाहिजे. अडला तर आटे वेगळे आहेत, पान्याने रेटू नका. रबरी होज तिन्ही बदला.

ड्रम लेथवर घ्यायचे तर एका अ‍ॅक्सलचे दोन्ही एकाच मापाचे करा, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. लायनर (ड्रमला आतून घासणारं ब्रेकचं अस्तर) बसवल्यावर ड्रमच्या आतून खडू फासून फिरवून बघा. खडू लायनरच्या फक्त टोकांना लागला तर अजून घासायचं आहे. जुन्या लायनरची धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. रबरं पेट्रोलने धुऊ नका, फुगतात.

ऑइल डॉट 4, नव्या सीलबंद डब्यातलं. ते हवेतली ओल शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदला. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. लाइनमधली एअर काढायला मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे डाव्या मागच्यापासून सुरुवात करा. माझा पुतण्या पेडलवर बसतो. मी निपल (चाकाजवळचा एअर काढायचा स्क्रू) उघडून "दाब" म्हटलं की दाबतो, निपल बंद करून "सोड" म्हणेपर्यंत पाय उचलत नाही.

एवढं झाल्यावर डिस्क खरंच हवी का ते ठरवा. घाट रोजचा असेल तर हवी. पण कॅलिपर (डिस्कला पकडणारा भाग) जुन्या 14 इंची रिमला घासतो का ते आधी बघा, आणि डिस्कच्या लाइनमधला तो ड्रमचा चेक व्हॉल्व्ह काढा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत केलेल्या बदलांबद्दल आहे, तेव्हा आरटीओत आधी विचारून घ्या. मी ड्रमच ठेवले आहेत.

पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, 20 च्या वेगाने. मग इंजिन बंद करून पेडल पूर्ण जोराने मिनिटभर दाबून धरा आणि दुसऱ्या कोणाला टॉर्च घेऊन प्रत्येक जोड तपासायला सांगा. कुठेही ओल दिसली तर गाडी त्या दिवशी गेटबाहेर काढायची नाही.