लघवीच्या तक्रारी: या चुका टाळा

लॅबमध्ये नमुना देताना रोज कोणीतरी म्हणतं, "काही नाही हो, उन्हाळी लागलीय." सब्जा, वाळा, धने-जिऱ्याचं पाणी जरूर प्या. पण लघवीत रक्त दिसलं तर ती उन्हाळी नव्हे.

माझ्या मामांना विडीची जुनी सवय. एका चैत्रात लघवी लाल झाली, दुखलं काहीच नाही. दोन दिवसांत आपोआप थांबलं, म्हणून घरात कोणाला बोलले नाहीत. दिवाळीत रक्ताच्या गुठळ्या अडकून लघवी बंद झाली आणि मध्यरात्री नळी घालावी लागली. सोनोग्राफीत मूत्राशयात गाठ निघाली, तीही स्नायूपर्यंत उतरलेली. मूत्राशयच काढावं लागलं. आता पोटाला कायम पिशवी असते. वरवरची गाठ लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून खरवडता येते. चैत्रात दाखवलं असतं तर काय झालं असतं, हा विचार माझी पाठ सोडत नाही. अशा गाठीचं रक्त अधूनमधून येतं आणि बहुतेकदा दुखत नाही. म्हणून एकदाच दिसलं तरी युरॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रविकारांचे डॉक्टर, गाठा. बीट किंवा टीबीच्या रिफॅम्पिसिननंही रंग बदलतो, पण ते घरी ठरवू नका, तपासून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, म्हणूनही गप्प बसू नका.

दुसरी चूक मला सर्वांत जास्त चिडवते. जळजळ सुरू झाली की मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घ्यायच्या, नाही थांबलं की मग कल्चरला, म्हणजे लघवीतले जंतू लॅबच्या बशीत वाढवून बघायच्या तपासणीला, यायचं. अर्धमेले जंतू बशीत वाढत नाहीत, रिपोर्ट कोरा येतो, आणि नेमकं कुठलं औषध चालेल ते डॉक्टरांना कळत नाही. माझ्या घरचा नियम एकच: आधी नमुना, मग गोळी. लॅबमधली निर्जंतुक बाटलीच घ्या, खोकल्याच्या औषधाची धुतलेली नको. सुरुवातीची धार सोडून मधली धरा. तासाभरात पोचवा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, कारण जंतू वाढायला तेवढा वेळ लागतोच. थंडी वाजून ताप असेल तर मात्र नमुना दिल्याबरोबर डॉक्टर उपचार सुरू करतात, रिपोर्टची वाट पाहत नाहीत. वर्षात तीनदा संसर्ग झाला, तर युरॉलॉजिस्टकडे जा.

मुतखड्याची कळ थांबली म्हणजे खडा पडलाच असं नाही. अडकलेला खडा न दुखताही किडनी फुगवतो, सोनोग्राफी पुन्हा करा. पाच मिलिमीटरच्या आतले बहुतेक खडे आपोआप पडतात. त्यासाठी बिअर नको, पाणी प्या. खड्यासोबत ताप आला तर त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.

साठीनंतर धार बारीक झाली की लोक "वयाचं आहे" म्हणून पाणी कमी करतात. तसं करू नका, पुरुषांनी प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी) दाखवावी. आणि अशा माणसानं सर्दीची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये, लघवी तुंबते.

लहान किंवा वयात येणाऱ्या मुलाच्या वृषणात अचानक कळ आली तर सकाळची वाट पाहू नका. पीळ पडला असेल तर तो सहा तासांच्या आत सोडवावा लागतो. मुलं लाजून पोटात दुखतं म्हणतात, म्हणून चड्डी काढून स्वतः बघा.