नदीतला गोटा कधी हलतो? हिशेबातल्या या चुका टाळा

गोटा हलेल की नाही हे ठरवायला बहुतेक जण आधी प्रवाहाचा वेग मोजतात आणि तिथेच फसतात. पाण्यावर काडी सोडून मिळतो तो पृष्ठभागाचा वेग. तळाला टेकता टेकता पाणी जवळजवळ थांबलेलं असतं. कणाला ढकलतो तो पाण्याचा तळावरचा घर्षण-ताण. सरळ, एकसारख्या पात्रात पाण्याची घनता, गुरुत्वत्वरण, खोली आणि उतार यांचा गुणाकार केला की तो मिळतो.

समजा, उतार हजार मीटरला दोन मीटर आहे. ५० मिलिमीटरचा गोटा हलायला साधारण ३६ पास्कल ताण हवा, म्हणजे जवळपास १.९ मीटर खोल पाणी. तिथेच १ मिलिमीटरच्या वाळूला तीनेक सेंटिमीटर पाणी पुरतं. उत्तर भलतंच आलं, तर मिलिमीटरचे मीटर केलेत का ते आधी बघा. उत्तर दीडपटीहून थोडं जास्त आलं असेल, तर कणाचं पाण्यातलं वजन न घेता कोरडं वजन घेतलेलं असतं.

वरच्या हिशेबात गोट्यासाठी ०.०४५ हा आकडा धरला आहे. त्याला कणाच्या दर घनमीटरच्या पाण्यातल्या वजनाने आणि कणाच्या व्यासाने गुणलं की कण हलायला लागणारा ताण मिळतो. अल्बर्ट शिल्ड्स यांनी १९३६ मध्ये बर्लिनमध्ये मांडलेल्या कामातून अशा आकड्यांची पद्धत आली. पण ही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. खडीच्या पात्रात ०.०३ ते ०.०६ असं काहीही निघू शकतं. प्रवाह खळाळता असतो, सरासरी ताण कमी असतानाही एखादा झोत कण उचलून नेतो. शिवाय ‘हलला’ कशाला म्हणायचं, यावर दोन निरीक्षकांचं एकमत होईलच असं नाही.

बारीक कण आधी हलतो, हा समज वाळूपर्यंतच खरा. स्वीडनच्या फिलिप यूल्स्ट्रॉम यांच्या १९३५ च्या आलेखात सगळ्यात सहज सुटते ती वाळू. चिकणमातीचे कण एकमेकांना धरून बसतात, त्यांना सोडवायला जास्त वेग लागतो. एकदा सुटले की मात्र ते फार मंद पाण्यातही तरंगत जातात.

मिश्र पात्रात प्रत्येक आकाराचा वेगळा हिशेब मांडणं ही मला सर्वांत महागडी वाटणारी चूक. बारीक कण गोट्यांच्या आडोशाला लपतात, मोठे वर डोकावतात आणि जवळपास एकाच सुमारास सगळे सुटतात. म्हणून नमुना घेताना वरचा जाडसर कणांचा थर आणि त्याखालचा बारीक कणांचा थर वेगळे ठेवा.

खात्री करायला रंगवलेले गोटे पुराआधी पात्रात ठेवता येतात. ते नुसते वर मांडू नका. शेजारच्या गोट्यांइतकेच घट्ट बसवा, नाहीतर ते लवकर वाहून जातील आणि अख्खं पात्र हललं असं वाटेल.