नेट नसलेल्या खोलीत बांधून पाहा: डेबियनसाठी पायथन लायब्ररीचं पॅकेज

सांगली जिल्ह्यातल्या एका तंत्रनिकेतनात मी संगणक लॅब सांभाळते. तीस यंत्रं आहेत, आणि 2023 मध्ये आम्ही सगळ्यांवर डेबियन 12 (लिनक्सवर आधारलेली मुक्त ऑपरेटिंग सिस्टम) घातलं. नव्या बॅचच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला मुलांनी सवयीने पिप इन्स्टॉल (पिप म्हणजे पायथनच्या लायब्ररी नेटवरून बसवणारं साधन) लिहिलं आणि प्रत्येक पडद्यावर एकच उत्तर आलं: एक्स्टर्नली-मॅनेज्ड-एन्व्हायर्नमेंट. म्हणजे हे पायथन सिस्टमच्या ताब्यात आहे, पिपने त्याला हात लावू नये. कुणीतरी मोबाइलवर शोधून ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस हा ते बंधन डावलणारा पर्याय काढला. तास संपेपर्यंत तो तीसही यंत्रांवर पोहोचला होता.

पुढे व्हायचं तेच झालं. ज्याने जुलैत मराठी तारखांची लायब्ररी टाकली त्याच्याकडे एक आवृत्ती, ज्याने सप्टेंबरात टाकली त्याच्याकडे दुसरी. एकाच प्रोग्रामची दोन उत्तरं येऊ लागली. परीक्षेच्या दिवशी सकाळीच नेट गेलं आणि ज्या यंत्रांवर लायब्ररी नव्हती तिथली मुलं नुसती बसून राहिली. त्या आठवड्यात मी ठरवलं की ही लायब्ररी डेबियनमध्येच असायला हवी. एकट्याच्या प्रोजेक्टसाठी व्हेन्व्ह (एका प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन) उत्तम, मी मुलांना तेच शिकवते. पण तीस यंत्रं, वर्षानुवर्षं, नेटचा भरवसा नाही, अशा जागी पॅकेजच लागतं.

ते काम मी कसं केलं आणि आता कसं करते, ते इथे लिहिते आहे. आज्ञा आणि फायलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टर्मिनलवर ती रोमन लिपीत टाइप करायची. लायब्ररी तारखा आणि वेळा मराठीत छापणारी आहे. तिला आपण ‘मिती’ म्हणू.

आधी पाहायचं की हे काम कुणी केलेलं किंवा हाती घेतलेलं नाही ना. एप्टमध्ये, म्हणजे डेबियनच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनात शोधा, पण पायपीआयवरच्या (पायथन लायब्ररींच्या सार्वजनिक भांडारातल्या) नावाने नव्हे, इम्पोर्ट करताना लिहितो त्या नावाने. पायपीआयवर पायवायएएमएल नावाची लायब्ररी आपण यामल म्हणून इम्पोर्ट करतो, म्हणून डेबियनमध्ये तिचं पॅकेज पायथन3-यामल आहे. ब्यूटिफुल सूपचं पॅकेज याच नियमाने पायथन3-बीएस4. त्यानंतर डब्ल्यूएनपीपी ही यादी पाहा. कुणी काय पॅकेज करायला घेतलंय याच्या नोंदी तिथे असतात. आपलं नाव नसेल तर रिपोर्टबग चालवून आयटीपी नोंदवा, म्हणजे ‘हे मी पॅकेज करणार आहे’. त्याला एक बग क्रमांक मिळतो. तो जपून ठेवा, चेंजलॉगच्या (पॅकेजातल्या बदलांच्या नोंदवहीच्या) पहिल्याच नोंदीत लागतो.

आता कोड उतरवायचा, आणि इथे घाई करू नका. पायपीआयवरच्या टारबॉलमध्ये (मूळ कोडच्या एकत्र बांधलेल्या फायलीत) पुष्कळदा टेस्टचं फोल्डरच नसतं. मितीतही नव्हतं. म्हणून डेबियन/वॉच फायलीत मूळ गिट रेपॉझिटरीच्या (लेखक जिथे कोड ठेवतो त्या जागेच्या) टॅगचा पत्ता द्यायचा. पुढे यूस्कॅन चालवलं की नवी आवृत्ती आली का ते कळतं आणि टारबॉलही उतरतं.

यानंतर मी पहिली संध्याकाळ फक्त परवाने वाचण्यात घालवते. नवशिके हा भाग शेवटी ठेवतात, आणि शेवटी तोच त्यांना अडवतो. लायसन्सचेक सगळ्या फोल्डरवर चालवा, पण त्यावर विसंबू नका. तो फायलींच्या माथ्यावरचा मजकूर वाचतो, डेटाच्या फायली कुठून आल्या हे त्याला समजत नाही. मितीच्या मुळाशी एमआयटी परवाना होता (डेबियनच्या कॉपीराइट फायलीत त्याला एक्सपॅट लिहितात), सगळं सरळ वाटत होतं. मग डेटा फोल्डरात सणांच्या नावांचा एक तक्ता सापडला. त्याच्या शेजारच्या रीडमीत लिहिलं होतं की हा तक्ता दुसरीकडून घेतला आहे आणि त्याचा व्यापारी वापर चालणार नाही. डेबियनच्या मुक्ततेच्या नियमांत हे बसत नाही, कारण तिथे कुठल्याही कामासाठीचा वापर अडवता येत नाही. एखाद्या दुकानदाराने आपल्या बिलाच्या प्रोग्राममध्ये मिती वापरली तर त्याला कुणी रोखता कामा नये.

अशा वेळी दोन वाटा असतात. एक, डेबियन/कॉपीराइटमध्ये फाइल्स-एक्स्क्लूडेड लिहून ती फाइल टारबॉलमधून काढायची आणि आवृत्तीच्या नावाला अधिक-चिन्ह व डीएफएसजी (डेबियनच्या मुक्ततेच्या नियमांचं लघुरूप) जोडायचं. दुसरी, मूळ लेखकाला लिहायचं. मी लेखकाला पत्र लिहिलं. त्यात तक्रार नव्हती: तुमची लायब्ररी आमच्या मुलांना उपयोगी पडते, ती डेबियनमध्ये जावी अशी माझी इच्छा आहे, आणि हा एक तक्ता आडवा येतो आहे, एवढंच. दोन आठवड्यांनी त्यांनी स्वतः नवा तक्ता तयार करून टाकला, एक्सपॅटखालीच. माझा सल्ला नेहमी दुसऱ्या वाटेचा असतो. वेळ लागतो, पण त्यामुळे सुधारणा सगळ्यांना मिळते, नुसती डेबियनच्या लोकांना नाही.

डेबियन फोल्डरातल्या बाकीच्या फायली लहान असतात. पाय-टू-डीएसपी नावाचं साधन त्यांचा सांगाडा तयार करून देतं. तरी पहिलं पॅकेज हाताने लिहा, म्हणजे प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते लक्षात राहतं. रूल्समध्ये, म्हणजे बांधणी कशी करायची ते सांगणाऱ्या फायलीत, मुळात एकच ओळ असते: डीएच चालव, बिल्डसिस्टम पायबिल्ड. सोर्स/फॉरमॅटमध्ये 3.0 क्विल्ट. चेंजलॉग डीसीएच या आज्ञेने लिहिला जातो.

कंट्रोल या फायलीवर मात्र थांबायला हवं. त्यात दोन परिच्छेद असतात, सोर्सचा (मूळ कोडचा) आणि बायनरीचा (बसवायच्या तयार पॅकेजचा). सोर्सच्या बिल्ड-डिपेंड्समध्ये, म्हणजे बांधताना लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत, मी हे लिहिते: डेबहेल्पर-कॉम्पॅट 13, डीएच-सीक्वेन्स-पायथन3, पायबिल्ड-प्लगइन-पायप्रोजेक्ट, पायथन3-ऑल, पायथन3-सेटअपटूल्स, आणि टेस्टसाठी पायथन3-पायटेस्ट. शेवटच्या नावापुढे नोचेकची खूण करायची, म्हणजे टेस्ट न चालवता बांधणाऱ्याला ते ओढावं लागत नाही. पायटेस्ट यादीत दिसलं की पायबिल्ड आपणहून टेस्ट चालवतो.

पायथन3-ऑल का, नुसतं पायथन3 का नाही, हे मी त्याच हिवाळ्यात शिकले. 2024 च्या सुरुवातीला डेबियनच्या अनस्टेबलमध्ये (नवी पॅकेजं आधी येतात त्या शाखेत) पायथन 3.11 आणि 3.12 दोन्ही होते. 3.11 मूळचा आणि 3.12 येऊ घातलेला. पायथन3-ऑल असलं की पायबिल्ड प्रत्येक पायथनवर टेस्ट घेतो. माझ्याकडे 3.11 वर सगळं हिरवं होतं. 3.12 वर पहिल्याच ओळीला कोसळलं, कारण मिती भाषांच्या तक्त्यांच्या फायली इम्प मॉड्यूलने उघडत होती आणि 3.12 मधून इम्प काढून टाकलेलं आहे. नुसतं पायथन3 लिहिलं असतं तर हे तेव्हा कळलंच नसतं. पुढे डेबियनचा मूळचा पायथन बदलला त्या दिवशी पॅकेज मोडलं असतं.

दुरुस्तीचा पॅच डेबियन/पॅचेसमध्ये जातो. त्याच्या माथ्यावर काय बदललं, कुणी बदललं आणि अपस्ट्रीमला (मूळ लेखकाला) कळवलं का, या तीन गोष्टी लिहा. माझ्यानंतर हे पॅकेज सांभाळणाऱ्याला तिसरी गोष्ट सगळ्यांत जास्त उपयोगी पडणार आहे.

बायनरीच्या परिच्छेदात नाव पायथन3-मिती. शुद्ध पायथन असेल तर आर्किटेक्चर ऑल, म्हणजे सगळ्या प्रकारच्या यंत्रांना एकच पॅकेज. सी भाषेतला भाग असेल तर एनी, आणि मग पायथन3-ऑल-डेव्ह लागतं. डिपेंड्समध्ये (चालवताना लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत) मिस्क आणि पायथन3 ही दोन चलं. पायथन3 चं चल लायब्ररीच्या मेटाडेटातून तिच्या डिपेंडन्सी स्वतः भरतं. इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. अपस्ट्रीम लेखक पुष्कळदा ‘अमुक लायब्ररीची नेमकी हीच आवृत्ती’ असं बांधून ठेवतात. डेबियनमध्ये साधारणपणे एका लायब्ररीची एकच आवृत्ती असते आणि सगळ्यांनी मिळून तीच वापरायची असते. म्हणून तुमची लायब्ररी डेबियनमधल्या आवृत्तीबरोबर खरंच चालते का, ते टेस्टने सिद्ध करायचं. लेखकाने लिहिलंय म्हणून मानायचं नाही आणि लिहिलं नाही म्हणून घाबरायचंही नाही.

आता बांधणी. स्वतःच्या यंत्रावर डीपीकेजी-बिल्डपॅकेज चालवून पॅकेज तयार झालं तर त्याने काहीच सिद्ध होत नाही. तुमच्या यंत्रावर तीन वर्षांत जमलेलं किती तरी सामान आहे, आणि लायब्ररी त्यातलं काय गुपचूप उचलते ते तुम्हाला दिसत नाही. एसबिल्ड वापरा. त्याला अनशेअर पद्धतीने चालवलं तर रूटचे अधिकार लागत नाहीत. एमएमडेबस्ट्रॅप त्याच्यासाठी एक कोरी, रिकामी सिस्टम उभी करतो. तिथे बांधणीच्या मूळ साधनांखेरीज फक्त तुम्ही बिल्ड-डिपेंड्समध्ये लिहिलेलं येतं आणि बांधताना नेट बंद असतं. डेबियनच्या धोरणातही हेच आहे: मुख्य विभागातल्या पॅकेजने बांधताना नेटवर जायचं नाही.

मितीची पहिली बांधणी या कोऱ्या खोलीत अकरा टेस्टवर पडली. माझ्या यंत्रावर एकही पडत नव्हती. निरोप असा: एशिया/कलकत्ता नावाचा टाइमझोन सापडत नाही. कोऱ्या खोलीत टाइमझोनची माहितीच नव्हती, कारण टीझेडडेटा पॅकेज तिथे आपोआप येत नाही. मी ते बिल्ड-डिपेंड्समध्ये घातलं आणि पुन्हा बांधलं. टेस्ट तरीही पडल्या. अर्धा दिवस मी लायब्ररीचा कोड चाळत बसले, आणि चूक कोडात नव्हतीच. डेबियनने टाइमझोनची जुनी नावं टीझेडडेटा-लेगसी या वेगळ्या पॅकेजात हलवली होती. कलकत्ता हे जुनं नाव, कोलकाता हे चालू. डेबियन 12 वर दोन्ही नावं एकाच पॅकेजात आहेत, म्हणून माझ्या यंत्रावर काहीच जाणवलं नाही.

लेगसी पॅकेज यादीत टाकून मोकळं होता आलं असतं. पण मग मिती वापरणाऱ्या प्रत्येकाला ते ओढावं लागलं असतं, आणि तेही एका शहराच्या जुन्या नावासाठी. मी अपस्ट्रीमला पॅच पाठवला, सगळीकडे कोलकाता केलं. आणि ज्या गोष्टीचा विसर पडणं अगदी सोपं आहे ती केली: टीझेडडेटा बायनरीच्या डिपेंड्समध्येही लिहिलं. टाइमझोन फक्त टेस्टला लागत नाही, वापरणाऱ्यालाही लागतो. कोऱ्या खोलीत काही अडलं की दर वेळी स्वतःला विचारा, हे बांधायला लागतं, तपासायला लागतं की चालवायला? तिन्हींची जागा वेगळी आहे.

नेटवर जाऊ पाहणाऱ्या टेस्ट असतील तर तेवढ्याच पायबिल्डच्या टेस्ट-आर्ग्समधून वगळा आणि कारण रूल्समध्ये टिपणी म्हणून लिहा. सगळ्या टेस्ट बंद करू नका. सोर्सच्या परिच्छेदात टेस्टसूट: ऑटोपीकेजीटेस्ट-पीकेजी-पायबिल्ड ही ओळ घातली की पॅकेज बसवल्यावरही त्याच टेस्ट चालवता येतात. पुढे एखादी डिपेंडन्सी बदलली की डेबियनची यंत्रं त्या आपणहून चालवून पाहतात. शेवटी लिंटियन, म्हणजे पॅकेजातल्या चुका शोधणारं साधन. त्याची प्रत्येक ओळ वाचा. जी पटत नाही तिच्यावर ओव्हरराइड टाकण्याआधी विचारा.

विचारायचं कुणाला, तर डेबियन पायथन टीमला. तिची रेपॉझिटरी डेबियनच्या साल्सा या गिटलॅबवर आहे. थेट अपलोड करण्याचा अधिकार नव्या माणसाला नसतो, म्हणून एक स्पॉन्सर लागतो. तो तुमचं काम तपासतो आणि आपल्या सहीने चढवतो. माझ्या स्पॉन्सरने पहिल्यांदा नऊ दुरुस्त्या सांगितल्या. सगळ्या बरोबर होत्या. पॅकेजच्या वर्णनात मी ‘उत्तम’ हा शब्द लिहिला होता, तोही काढायला लावला. वर्णनात वस्तू काय करते ते सांगायचं, तिची स्तुती करायची नाही.

नवं पॅकेज न्यू नावाच्या रांगेत जातं. तिथे एफटीपी-मास्टर, म्हणजे डेबियनचं भांडार सांभाळणारे लोक, परवाने पुन्हा वाचतात. कधी काही दिवस लागतात, कधी महिने. रोज पाहत बसू नका, दुसरं पॅकेज हाती घ्या. या रांगेसाठी बांधलेली बायनरीही द्यावी लागते. पण टेस्टिंगमध्ये (पुढच्या डेबियनची तयारी होते त्या शाखेत) जायला डेबियनच्या स्वतःच्या यंत्रांवर बांधलेलं पॅकेज लागतं. म्हणून रांगेतून सुटल्यावर फक्त सोर्सचं आणखी एक अपलोड करायचं असतं. हे मला माहीत नव्हतं आणि मिती तीन आठवडे अनस्टेबलमध्येच अडकून राहिली.

9 ऑगस्ट 2025 ला डेबियन 13 आलं, त्यात पायथन 3.13 आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी लॅब त्यावर नेली. एका यंत्रावर एप्ट-कॅशर-एनजी (उतरवलेली पॅकेजं साठवून इतर यंत्रांना देणारं साधन) चालवलं, पहिल्या यंत्रावर पायथन3-मिती बसवून पॅकेजं त्यात साठवून घेतली. मग भिंतीवरच्या राउटरची बाहेरची केबल काढली आणि उरलेल्या एकोणतीस यंत्रांवर एकामागून एक एप्ट इन्स्टॉल चालवलं. सगळीकडे तीच आवृत्ती बसली.